मीखाचा पाचवा अध्याय वाचतो, मग दुसरा का नाही? (संदेष्टे, न्याय आणि आपला पश्चात्ताप)

शाहूपुरीकर

जय ख्रिस्त. सगळ्यांना नमस्कार.

दरवर्षी डिसेंबरात आपल्या मंडळ्यांतून बायबलमधल्या मीखा संदेष्ट्याच्या पाचव्या अध्यायातलं, येशूच्या जन्मगावाचं म्हणजे बेथलेहेमचं वचन वाचलं जातं. यशयाचा नववा अध्याय तर संडे स्कूलच्या पोरांनाही पाठ असतो. पण त्याच मीखाच्या दुसऱ्या अध्यायात काय आहे? रात्री अंथरुणावर पडून दुसऱ्याचं शेत कसं लाटायचं याचे बेत करणारी आणि उजाडताच ते तडीस नेणारी माणसं आहेत. तिसऱ्या अध्यायात लाच घेऊन निवाडा करणारे पुढारी, मोबदला घेऊन शिकवणारे याजक आणि पैसे घेऊन भविष्य सांगणारे संदेष्टे एकाच ओळीत उभे केलेत. हे अध्याय पुलपिटवरून मी फार क्वचित ऐकलेत. येशूच्या जन्माची आगाऊ वर्दी देणं एवढंच काम आपण संदेष्ट्यांकडे ठेवलंय. ते त्यांनी आपापल्या काळातल्या लोकांना जे तोंडावर सांगितलं, ते बाजूला पडलंय.

आमोसाचं बघा. यहूदातल्या तकोवा गावचा मेंढपाळ, उंबराच्या झाडांची निगा राखणारा माणूस. इसवीसनापूर्वी आठव्या शतकात, दुसऱ्या यराबामाच्या कारकिर्दीत तो उत्तरेच्या इस्राएल राज्यात जातो. दिवस भरभराटीचे आहेत. हिवाळ्याचा वाडा वेगळा, उन्हाळ्याचा वेगळा, निजायला हस्तिदंती पलंग. बेथेलच्या मंदिरात सण, यज्ञ, गाणी जोरात चाललीत. आमोस आधी शेजाऱ्यांचे गुन्हे वाचतो: दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब. समोरच्यांनी माना डोलावल्या असणार. मग यहूदा. आणि मग तो थेट त्यांच्यावरच येतो. नीतिमानाला तुम्ही रुप्यासाठी विकता, गरिबाला एका पायताणाच्या जोडासाठी. गहाण घेतलेल्या कपड्यांवर वेदीशेजारी पसरता. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे गरिबाचं गहाण घेतलेलं पांघरूण सूर्य मावळायच्या आत परत द्यायचं असतं, कारण रात्री त्याला दुसरं काही नसतं. इथे त्याच पांघरुणावर बसून उपासना चाललीय.

आठव्या अध्यायातले व्यापारी म्हणतात, शब्बाथ कधी सरतो आणि दुकान कधी उघडतो. माप लहान करू, वजन मोठं करू, काटा खोटा ठेवू, भुसकटसुद्धा विकू. काटामारी म्हणजे काय हे कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही!

यावर देव म्हणतो, तुमच्या सणांचा मला वीट आलाय, गाणी बंद करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. विधीत काही राहून गेलं, अशी त्याची तक्रारच नाही. विधी यथासांग आहेत. विधी करणाऱ्याचं माप लबाड आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. संदेष्ट्यांच्या लेखी पश्चात्ताप डोळ्यांतल्या पाण्याने सुरू होत असेल, पण ज्याचं नुकसान केलं त्याच्या दारापर्यंत पोचल्याखेरीज तो पुरा होत नाही. यहेज्केलाच्या तेहेतिसाव्या अध्यायात हे उघड आहे: दुष्टाने गहाण परत दिलं, लुबाडलेलं भरून दिलं, तर तो जगेल. निनवेच्या लोकांनी उपास केला, गोणपाट नेसलं. पण योनाचं पुस्तक सांगतं की देवाने पाहिली ती त्यांची कृत्यं, ते वाईट वाटेवरून फिरले हे.

संजीवन सभांना लोक रडतात, गुडघे टेकतात. त्या अश्रूंना मी खोटं म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी कुणाची थकवलेली मजुरी दिली गेली का, हे आपण कुणालाच विचारत नाही. तुमच्या मंडळीत कुणी विचारतं का?

वडगावचा विश्वासू

भाऊ, लेख चांगला आहे, पण एका गोष्टीची काळजी वाटते. आपलं तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे आहे, कर्मांनी नाही. इफिसकरांस पत्र, दुसरा अध्याय. तुम्ही म्हणता तसं भरपाई केल्याशिवाय पश्चात्ताप पुरा होत नाही असं धरलं, तर येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराचं काय? त्याने कुणाला काय परत दिलं? गरीब माणूस, ज्याच्याकडे परत द्यायला दमडी नाही, त्याला तुम्ही काय सांगणार? सुवार्तेचं ओझं करू नका.

शाहूपुरीकर

काका, तुमची काळजी खरी आहे आणि तिला बगल द्यायची नाही. चोराकडे हात मोकळे नव्हते, वेळ नव्हता. तरी जे शक्य होतं ते त्याने केलं: आपल्याला रास्त शिक्षा मिळतेय, येशू निर्दोष आहे, असं चारचौघांत कबूल केलं. ज्याच्याकडे नाही त्याच्याकडून देव मागत नाही. प्रश्न ज्यांच्याकडे आहे त्यांचा आहे.

जकातदार जक्कयाचं पाहा. येशू त्याच्या घरी आधी गेला, काही अट न घालता. ती कृपा. मग जक्कय उभा राहून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट. येशू त्याला 'राहू दे, कृपा पुरेशी आहे' म्हणाला नाही. 'आज या घराला तारण प्राप्त झालं' असं तो म्हणाला ते हे ऐकल्यावर. आणि चौपट हा आकडा जक्कयाच्या मनचा नाही. चोरलेल्या मेंढरामागे चार मेंढरं, असं निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. नाथान संदेष्ट्याने गरिबाच्या कोकराची गोष्ट सांगितली तेव्हा दावीद राजा रागाने हाच निवाडा देऊन बसला होता, आणि मग 'तो माणूस तूच' हे ऐकावं लागलं.

बाप्तिस्मा करणारा योहानही तसाच. लोक विचारतात, आम्ही करावं काय? तो जकातदारांना सांगतो, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना सांगतो, कुणाला धाकदपटशा करून पैसे उकळू नका, पगारात समाधानी राहा. ज्याच्या त्याच्या धंद्यातलं नेमकं पाप. इफिसच्या पत्रातही आठव्या-नवव्या वचनानंतर दहावं वचन आहे: सत्कृत्यांसाठीच आपण निर्माण केलेलो आहोत. आपण नवव्याला थांबतो.

करवीरचा शेतकरी

मी ख्रिस्ती नाही. माळकरी घर आहे आमचं. पण काट्याचा विषय निघाला म्हणून लिहितोय.

ऊस तुटल्यावर गाडी काट्यावर जाते तेव्हा शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. बाहेरच्या काट्यावर एक वजन, आत दुसरं, असं झालं की भांडायला जावं तर गाडी अडकून राहते आणि ऊस वाळतो. बिलाचंही तसंच. ऊस दिल्यावर १४ दिवसांत एफआरपी (सरकारने ठरवलेला किमान ऊसदर) द्यायची, नाही दिली तर १५ टक्के व्याज, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. ते व्याज मागायला आंदोलन करावं लागतं. तुमचा आमोस वाचून वाटलं, हा माणूस आमच्या ऊस परिषदेत बोलायला पाहिजे होता.

पण तुम्ही तो क्रम सांगितलाय ना, आधी शेजारी आणि मग आपण, तो वाचून थांबलो. कारखान्याच्या नावाने आम्ही ओरडतो. आमच्या फडात ऊसतोड मजुरांची टोळी येते बीडकडनं, तिच्या नावानेही ओरडतो, खुशाली (वरचे पैसे) मागतात म्हणून. ती टोळी कुठल्या पाण्यावर राहते, पोरं कुठं झोपतात, हे किती जण बघतात? मालक, मुकादम, कारखाना, तिघंही म्हणतात आमचा संबंध नाही.

प्रिस्किल्ला

शेतकरी दादांनी मनातलं लिहिलं. त्यात भर घालते. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, नवऱ्याच्या हातात पडते, फेडायला मात्र बाई पहाटे तीनला उठते. दोघांपैकी एक जरी आजारी पडलं तरी खाडा धरून पैसे कापतात. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, तो याच खाड्याच्या भीतीशी जोडलेला होता.

आपण ख्रिस्ती लोकांनी आपल्या घरात आणि मंडळीत बघावं. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात लोक तक्रार करतात: आम्ही उपास केला, देवा तू पाहिलं नाहीस. देव म्हणतो, उपासाच्या दिवशीसुद्धा तुम्ही आपलाच धंदा साधता आणि कामकऱ्यांना राबवता. उपास मोडलाय तो तिथे! गुड फ्रायडेला तीन तास उपासनेत बसणाऱ्या घरांतून कामवाल्या मावशींना त्या दिवशी सुट्टी असते का? असली तर पगार कापतात का? मंडळीची झाडलोट करणाऱ्या माणसाला किमान वेतन मिळतं का, त्याच्या म्हातारपणाची काही तजवीज आहे का? एका मंडळीत रंगरंगोटीसाठी वर्गणी जमली, नवे माइक आले, आणि तिथल्या शिपायाचा पगार वर्षानुवर्षं तोच. हिशेबाच्या सभेत मी विचारलं तर 'तो तर सेवा म्हणून करतो' असं उत्तर मिळालं. सेवा त्याची, आणि बचत आमची?

याकोबाच्या पत्रात शेवटच्या अध्यायात आहे, कापणी करणाऱ्यांची अडकवलेली मजुरी ओरडतेय आणि ती आरोळी सेनाधीश प्रभूच्या कानी गेलीय. मजुराची मजुरी रात्रभरसुद्धा ठेवून घेऊ नये, हा लेवीयमधला नियम याकोबाला चांगला ठाऊक होता.

(आणि संदेष्टे म्हटलं की सगळे दाढीवालेच डोळ्यांपुढे येतात. योशीया राजाच्या काळात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला तेव्हा त्याचा अर्थ विचारायला लोक हुल्दा या संदेष्ट्रीकडे गेले होते.)

शनिवारतेली

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी यहुदी, ठाण्यात राहतो. आजोळ अलिबागकडचं. धागा वाचून बरं वाटलं, म्हणून दोन गोष्टी.

पहिली. योम किप्पूरला, म्हणजे आमच्या प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवशी, सिनेगॉगमध्ये सकाळी वाचायचा भाग यशयाचा हाच अठ्ठावन्नावा अध्याय आहे. सगळे उपाशी बसलेले असतात आणि 'मला असला उपास हवा होता का?' हे ऐकायचं असतं. दुपारी योना. आणि मिश्ना या आमच्या जुन्या नियमग्रंथात स्पष्ट सांगितलंय की माणूस आणि देव यांच्यातल्या पापांची क्षमा योम किप्पूर करतो. माणसामाणसांतल्या पापांची करत नाही, जोवर ज्याला दुखावलं त्याची तुम्ही समजूत घालत नाही. त्यामुळे सणाआधीच्या दिवसांत माणसं एकमेकांकडे जातात. शाहूपुरीकर जे म्हणतायत ते आमच्याकडे जुनं आहे.

दुसरी गोष्ट सांगायला जड जाते. ख्रिस्ती इतिहासात संदेष्ट्यांचे कठोर शब्द शतकानुशतकं यहुद्यांविरुद्ध वापरले गेले. 'बघा, त्यांचे संदेष्टेच त्यांना काय म्हणतात.' आमोस, होशेय, यिर्मया हे आपल्याच लोकांना बोलत होते, त्यांच्यासाठी रडत होते. यिर्मया यरुशलेम सोडून पळाला नाही, ते जळताना तिथेच होता. घरातल्या माणसाने घरच्यांना केलेली कानउघाडणी शेजाऱ्याने उचलून त्याच घराविरुद्ध वापरली, तर तिचं काय होतं? या देशात आम्हाला कुणी त्रास दिला नाही, हे कृतज्ञतेने सांगतो. कोकणात आम्ही तेल गाळलं, शनिवारी घाणा बंद ठेवला, आणि एलियाहू हनबीचा (एलिया संदेष्ट्याच्या नावाचा) मलीदा शेजाऱ्यांनीही खाल्ला. पण युरोपात काय झालं ते आपण सगळे जाणतो.

शाहूपुरीकर

शनिवारतेली, तुमची दुसरी गोष्ट या धाग्यातली सगळ्यात गरजेची आहे. संदेष्टा वाचताना आपण स्वतःला कुठे उभं करतो त्यावर सगळं ठरतं. आमोसाच्या शेजारी उभं राहून बेथेलकडे बोट दाखवायचं, की बेथेलच्या गर्दीत बसून ऐकायचं? ख्रिस्ती माणसाची जागा गर्दीत आहे. इस्राएल चुकला आणि आम्ही त्याच्या जागी आलो, असं जे शिकवतात त्यांनी रोमकरांस पत्राचा अकरावा अध्याय वाचावा. कलम केलेल्या फांद्यांनी मूळ फांद्यांपुढे फुशारकी मारू नये, असं पौल बजावून सांगतो.

मंगळवार पेठ

मग गर्दीत बसूनच बोलू. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. दलित ख्रिस्ती अजून बाहेर. हा अन्याय आहे, मागणी रास्त आहे, मी स्वतः मोर्चात असतो.

पण आमोसाचा क्रम आपल्याला लावा. सरकार, न्यायालयं, बाकीचे धर्म, सगळ्यांचे गुन्हे वाचून झाले की शेवटी मंडळी येते. १८५२ साली वाइल्डर मिशनरी कोल्हापुरात आले, शाळा झाल्या, चर्च झाली. एकाच भाकरीतून आणि प्याल्यातून आपण प्रभुभोजन घेतो. आणि मुलामुलीचं लग्न ठरवताना दबक्या आवाजात 'मूळचे कोण?' विचारतो. पंचांच्या निवडणुकीत गट कशावरून पडतात हे सगळ्यांना माहीत आहे. सामाजिक न्यायाचे ठराव आपण पास करतो, पण हे पाप पापकबुलीच्या प्रार्थनेत नाव घेऊन कधी येत नाही.

राजारामपुरी आठवी गल्ली

धागा कोल्हापूरचा आणि शाहू महाराजांचं नाव अजून कसं नाही? २६ जुलै १९०२ ला ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवायचा हुकूम काढला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळेंना हॉटेल घालून दिलं आणि तिथे स्वतः जाऊन चहा प्यायले. १९२० ला माणगाव परिषदेत बाबासाहेबांना समाजापुढे नेता म्हणून मांडलं. हिब्रू संदेष्टे थोरच, पण न्याय शिकायला इतक्या लांब जायला हवं का?

शाहूपुरीकर

लांब जायची गरज नाही, हे मान्य. पण महाराजांची जागा मला संदेष्ट्यांत नव्हे, दुसरीकडे दिसते, आणि ती जागा यिर्मयाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. यहोयाकीम राजा शेजाऱ्याला फुकट राबवून, गंधसरूच्या फळ्या लावून मोठा वाडा बांधतो. यिर्मया त्याला म्हणतो, तुझा बाप योशीया खातपीत नव्हता का? पण त्याने दीनदुबळ्यांचा न्याय केला. मला ओळखणं म्हणजे हेच नव्हे काय, असं परमेश्वर विचारतो. देवाला ओळखण्याची ही खूण. ती राजाच्या कारभारात दिसावी लागते, आणि शाहू महाराजांच्या कारभारात ती दिसली, असं मी ख्रिस्ती माणूस म्हणून म्हणतो.

राजे ऐकतात असंही घडलंय. यिर्मयावर मंदिराच्या अंगणात खटला चालला तेव्हा देशातले वडीलधारे उठले आणि म्हणाले, मीखानेही सियोन शेतासारखं नांगरलं जाईल असं सांगितलं होतं. हिज्कीयाने त्याला मारलं का? उलट तो देवाला भ्याला. शंभर वर्षांपूर्वीचं एक वाक्य लोकांनी जपून ठेवलं होतं, त्याने यिर्मयाचा जीव वाचायला हातभार लागला. त्याच अध्यायात उरीया नावाचा दुसरा संदेष्टा आहे. त्याला यहोयाकीमाने मिसरातून धरून आणून मारलं.

मंगळवार पेठ, तुमच्या मुद्द्यावर मला यिर्मयाचा चौतिसावा अध्याय आठवतो. तो आपण कधीच वाचत नाही. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा दिलाय. भीतीपोटी सिद्कीया राजा आणि सरदार करार करतात, वासराचे दोन तुकडे करून मधून चालत जातात, आणि आपल्या इब्री दासदासींना मोकळं करतात. मोठा पश्चात्ताप! मग मिसरी सैन्य येतंय अशी बातमी लागते, वेढा उठतो. आणि हीच माणसं मोकळ्या केलेल्यांना पुन्हा धरून आणून दास करतात. यिर्मया ज्या भाषेत त्यांच्यावर तुटून पडतो ती वाचवत नाही.

२०१९ च्या पुरात हे आपण पाहिलं. पंचगंगा आणि कृष्णा शिरल्या तेव्हा शिरोळपासून शहरापर्यंत शाळा, मंगल कार्यालयं, मशिदी, चर्च उघडली. कोण कुठल्या आळीतला हे कुणी विचारलं नाही, एका पंगतीत जेवलो. पाणी ओसरलं आणि पंगती पुन्हा वेगळ्या झाल्या. संकटातला चांगुलपणा खोटा नव्हता, पण त्याने पुढे काही बांधून घेतलं नाही. यिर्मया विचारतो ते हे: वेढा उठल्यावर काय?

वडगावचा विश्वासू

हा अध्याय मी काल रात्री पुन्हा वाचला. झोप आली नाही. पण एक विचारतो. मंडळीने कारखाने, सरकार, मोर्चे यात पडावं का? ते राजकारण होत नाही का?

प्रिस्किल्ला

काका, बेथेलचा याजक अमस्या आमोसाला हेच म्हणाला. 'हे राजाचं पवित्रस्थान आहे, इथे बोलू नकोस, यहूदात जा आणि तिथे भाकर खा.' याजकाने मंदिर राजाचं म्हटलं, देवाचं नाही, तिथेच त्याने सगळं सांगून टाकलं. मी पक्षाचा प्रचार करा म्हणत नाही. पुलपिटवरून उमेदवाराचं नाव आलं तर मी पहिली उठून जाईन. पण मजुरी अडली, काटा खोटा ठरला, पोर शाळेबाहेर राहिलं, तर तिथे गप्प बसणं हाही एक पक्षच आहे.

फौंड्रीवाला

बरेच दिवस नुसता वाचत होतो. शिरोलीच्या बाजूला आमचं छोटं युनिट होतं, वडिलांनी चालवलेलं. मंदीत बंद पडलं. त्या वेळी काही कामगारांची ग्रॅच्युइटी आणि ओव्हरटाइम राहिला. वडील वारले, जागा विकली, त्या पैशातून मी व्यवसाय उभा केला. तेव्हा मी कॉलेजात होतो. माझा प्रश्न असा की यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही, असं स्पष्ट आहे. मग मी यात कुठे बसतो? आणि त्यातले काही जण आता हयात नाहीत.

शाहूपुरीकर

दादा, तुमच्या प्रश्नाला उत्तर देताना मी जपून लिहितो.

अठरावा अध्याय तुम्हाला खरोखरच मोकळं करतो. वडिलांचा दोष तुमचा नाही, आणि कुणी तो तुमच्या माथी मारत असेल तर त्याला यहेज्केल दाखवा. पण त्याच अध्यायातला नीतिमान मुलगा काय करतो? तो बापाने केलेलं पाहतो आणि तसं करत नाही: गहाण अडकवून ठेवत नाही, लुबाडत नाही, भुकेल्याला भाकर देतो. दोष वारशाने येत नाही, पण कामगाराचा पैसा वारशाने तुमच्या घरात आलाय. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

नहेम्याच्या पाचव्या अध्यायात सावकारांनी शेतं, द्राक्षमळे, जैतुनाचे मळे, घरं परत दिली, आणि पैसा, धान्य, द्राक्षारस, तेल यांच्यावर घेतलेला शंभरावा हिस्साही. रडारड अध्यायाच्या सुरुवातीला आहे, ती गरिबांची. सावकारांच्या तोंडी एकच वाक्य आहे: आम्ही परत देऊ, त्यांच्याकडून काही मागणार नाही. नहेम्याने तेवढ्यावर सोडलं नाही, याजकांना बोलावून त्यांच्याकडून शपथ घेतली.

हयात नसलेल्यांबद्दल गणना, पाचवा अध्याय. मूळ रक्कम आणि तिचा पाचवा हिस्सा वर, ज्याचा अपराध केला त्याला. तो नसेल तर त्याच्या जवळच्या नातलगाला. नातलगही नसेल तरच ते याजकाकडे, म्हणजे देवाच्या कामाला जातं. क्रम महत्त्वाचा. मंडळीच्या दानपेटीत टाकून मोकळं व्हायचा मोह होतो, पण दानपेटी तिसऱ्या नंबरला आहे. आधी ती घरं शोधायची.

फौंड्रीवाला

जुनं मस्टर घरी आहे, नावं आणि गावं त्यात आहेत. दोघं कागलकडचे होते, बाकीचे हातकणंगल्याचे. पण एक अडचण: व्याज धरायचं की तो पाचवा हिस्सा? आणि घरी जाऊन वडिलांबद्दल काय बोलायचं?

करवीरचा शेतकरी

कागलकडच्या गावांची नावं सांगा, पत्ते काढून देतो. आणि वडिलांबद्दल फार बोलू नका. हिशेब राहिला होता तो आणलाय, एवढं म्हणा. माणसं बाकीचं समजून घेतात.

प्रिस्किल्ला

व्याज किती होतं ते काढा आणि पाचव्या हिश्शाशी ताडून बघा. जास्त असेल ते द्या. आणि कामगार वारला असेल तर रक्कम त्याच्या बायकोच्या खात्यात जाईल असं बघा, मुलांच्या हाती नको. मी सोबत यायला तयार आहे, बाईमाणूस बरोबर असलं की बायका मोकळं बोलतात.